बावन्न अंश

टेप आली ती दुधाच्या पिशवीत गुंडाळून,
वरून रबर, रबराचे दोन तुकडे झालेले.
पाठीवर बॉलपेनने: मानस नं. ३, भरतीची नोंद, ९६-९७.
बाकीचं लेबल वाळवीने आधीच वाचलं होतं.

आतला पट्टा ढिला. रूळ विरघळून
काजूच्या टरफलातल्या तेलासारखा काळा.
थर थराला धरून बसलेला,
ओढली असती तर
उकडलेल्या बटाट्याची साल निघावी
तसं सगळं वर्ष हातात आलं असतं.

अशी टेप भाजावी लागते.
बावन्न अंशांवर, आठ तास, घाई न करता.
माझ्या डिचोलीच्या दुकानात तेवढी इमानदार भट्टी नाही,
म्हणून काजूच्या कारखान्यात गेलो.
हंगाम संपलेला, बोरमा रिकामा.
तुळशी माजिक चावी बोटावर फिरवत म्हणाली,
"ह्यातून गर किती निघेल?"
म्हटलं, फुटका धरून सत्तर टक्के.
तिला हिशेब पटला.

दर तासाला ती काटा बघून जाई,
दार किलकिलं करून हुंगे,
म्हणे, अजून ओली आहे.
टेपला वास असतो
हे वीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री दुसऱ्या कार्ट्रिजचा पट्टा काढून हिला चढवला.
जुना ड्राइव्ह घशात काटा अडकल्यासारखा खाकरला
आणि वाचायला लागला.
एक खंड. दुसरा. त्रुटी. मागे. पुन्हा.
दर थोड्या वेळाने थांबून हेड स्पिरिटने पुसायचं.
कापसाच्या बोळ्यावर तपकिरी डाग:
तो डाग म्हणजे कुठलातरी मंगळवार.

वकिलाला एवढंच हवं होतं
की त्या वर्षी खाजनात खारं पाणी शिरलं नाही,
बांध उभा होता, शेत पिकत होतं,
जिथे आता कुणाला बोटींचा धक्का बांधायचा आहे.

नोव्हेंबर गेला.
जानेवारी तर जवळजवळ सगळाच बोळ्यावर आला.
फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मात्र अख्खा निघाला,
एक आकडा न सांडता.
पहाटे तीनला मी एकट्याने टाळी वाजवली.
मग नीट पाहिलं.
चार फूट दोन, चार फूट तीन, चार फूट दोन.
अमावास्येलाही चार फूट दोन.
उधाण जणू रजेवर.

मयेवरून चोडणला गेलो.
इनास मानशीच्या दगडावर बसला होता,
फळ्या आता दुसराच माणूस उघडतो, वाटेल तेव्हा.
कागद नाकाला लावून तो हसला.
"हे पंधरा दिवस मी मडगावला, हॉस्पिसियोत.
बायकोचं पोट.
जागा रिकामी सोडली की पगार कापायचे.
आल्यावर एका बसणीत लिहिले."

आणि जानेवारी?

"जानेवारी खरा.
काठी घेऊन कमरेपर्यंत उतरायचो, काळोखात सुद्धा.
का? आला नाही?"

नाही आला.

फळ्यांच्या फटीतून पाणी आत झिरपत होतं.
त्याने दगडावरच्या खाचेकडे बघितलं,
बोट बुडवून जिभेला लावलं.
"साडेचार," म्हणाला, "लिही."
माझ्याकडे पेन नव्हतं.

फाइल दिली, रिकाम्या जागा रिकाम्या ठेवून,
आणि त्या पंधरा ओळींसमोर टीप: नोंदवणारा गैरहजर.
वकील म्हणतो, टीप काढ.
अजून काढलेली नाही.

टेप टेबलावरच आहे,
झाकण उघडलं की काजूचा वास येतो, किंचित करपट.
बायकोचं पुढे काय झालं
ते मी विचारलंच नाही.